होडीच्या इंजिनात ग्रास कटरचे तेल नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नारळी पौर्णिमेच्या सुमारास किनाऱ्यावरच्या शेडांमधून आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून बसवायची, इंजिने बाहेर निघतात आणि त्याच दिवसांत बागांमधली गवतकापणीही जोरात असते. तालुक्याच्या बाजारात ऑइलच्या दुकानासमोर मग ग्रास कटरवाला आणि होडीवाला एकाच वेळी उभे असतात. दोघेही ‘टू-टी द्या’ म्हणतात, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचे तेल मागतात, आणि दोघांनाही एकच डबा मिळतो. तो डबा ग्रास कटरला बरोबर असतो, होडीला नाही. सीझनच्या पहिल्या महिन्यात रिंगा चिकटलेली, पिस्टन घासलेली जी इंजिने दुरुस्तीला येतात, त्यांतल्या बऱ्याच जणांचे दुखणे या डब्यापासून सुरू झालेले असते. म्हणून हे पत्र.

टू-स्ट्रोक इंजिनात वेगळा ऑइल सम्प, म्हणजे तेल साठवायची तळाची टाकी, नसते. पेट्रोलात मिसळलेले तेल क्रँककेसमधून जाते, बेअरिंगना आणि सिलिंडरच्या भिंतीला लागते आणि शेवटी पेट्रोलाबरोबर जळते. म्हणजे तेल कसे वंगण देते एवढेच पाहून भागत नाही, ते जळल्यावर मागे काय उरते हेही तितकेच महत्त्वाचे. ग्रास कटर, चेनसॉ, जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकली यांची इंजिने हवेवर थंड होतात. त्यांचे हेड दीडशे अंशांच्या वर सहज जाते. त्या उष्णतेत रिंगांच्या खाचा साफ राहाव्यात म्हणून त्यांच्या तेलात धातूयुक्त डिटर्जंट घालतात. जळल्यावर त्याची थोडी राख होते आणि त्या इंजिनांना ती चालते.

आऊटबोर्ड समुद्राच्या पाण्यावर थंड होते. त्याचे पाणी साठ अंशांच्या आसपास किंवा त्याखालीच राहते. पण इंजिन तासन्‌तास फुल थ्रॉटलवर, पूर्ण लोडखाली पळते. मोटारसायकलला उतार मिळतो, सिग्नल मिळतो, होडीला असे काही मिळत नाही. अशा इंजिनात राखवाले तेल जाळले की राख पिस्टनच्या डोक्यावर आणि ठिणगी पाडणाऱ्या प्लगच्या टोकावर साचते. साचलेला कण लाल होतो आणि ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटवतो. असे काही मिनिटे चालले तरी पिस्टनचे ॲल्युमिनियम मऊ पडते आणि मधोमध भोक पडते. कधी राखेचा बारीक तंतू प्लगची फट जोडतो आणि तो सिलिंडर भर समुद्रात बंद पडतो. म्हणून आऊटबोर्डचे तेल राखविरहित असते. त्यात धातूऐवजी नायट्रोजनयुक्त डिटर्जंट वापरतात, शिवाय खाऱ्या दमट हवेत बेअरिंगवर गंज चढू नये याचीही सोय असते.

या तेलाचा शिक्का आहे टीसी-डब्ल्यू ३. अमेरिकेतील नॅशनल मरीन मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनने १९९० च्या दशकात हे मानक आणले. रिंगा चिकटणे, अवेळी पेटणे, गंज, फिल्टर तुंबणे अशा चाचण्या पार केल्यावरच तो मिळतो. डब्यावर शिक्का असेल तर जवळच ‘आरएल’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बहुधा असतो, तो शोधावा. ‘मरीन’, ‘आऊटबोर्डसाठी योग्य’ अशी नुसती वाक्ये कोणीही छापू शकतो.

गफलत होते ती मात्र वेगळ्याच ठिकाणी. ग्रास कटरच्या डब्यावर ‘एपीआय टीसी’ आणि ‘जासो एफसी’ किंवा ‘एफडी’ असे लिहिलेले असते (एपीआय ही अमेरिकी आणि जासो ही जपानी मानकसंस्था). दुकानदार बोट ठेवून दाखवतो, ‘हे बघा, टीसी आहे’. पण एपीआयचे टीसी हे हवेवर थंड होणाऱ्या इंजिनांचे मानक आहे. पुढे डब्ल्यू आणि ३ नसेल तर तो डबा परत ठेवावा. एफडी हा एफसीपेक्षा वरचा दर्जा असला तरी होडीसाठी दोन्ही चुकीचेच. उलटही करू नये. घरात होडीचे तेल उरले म्हणून ते ग्रास कटरमध्ये घातले तर त्या उष्णतेत ते टिकत नाही आणि तिथल्या रिंगा चिकटतात. कारचे किंवा मोटारसायकलचे फोर-स्ट्रोक ऑइल दोन्हींत वर्ज्य, आणि सुटे, बिनलेबलचे तेल तर हातातही घेऊ नये. फोर-स्ट्रोक आऊटबोर्ड असेल तर हा सगळा विषयच वेगळा: त्याचे तेल सम्पमध्ये जाते आणि त्याचा शिक्का एफसी-डब्ल्यू आहे.

रंगावरून तेल ओळखता येत नाही. निळा, हिरवा, लाल हा नुसता रंग असतो, मिसळलेले पेट्रोल साध्या पेट्रोलापासून वेगळे दिसावे एवढ्यासाठी घातलेला.

आता प्रमाण. बहुतेक प्रीमिक्स आऊटबोर्डना, म्हणजे ज्यांत तेल आधी पेट्रोलात मिसळून भरतात त्यांना, ५०:१ लागते, म्हणजे एक लिटर पेट्रोलला २० मिलि. २० लिटरच्या कॅनला ४०० मिलि, २४ लिटरच्या टाकीला ४८० मिलि. काही मॉडेलना १००:१ चालते. तसे इंजिनाबरोबरच्या पुस्तकात लिहिलेले असेल तरच निम्मे तेल घालावे, शेजारच्या होडीवर चालते म्हणून नव्हे. केरोसीनवर चालणाऱ्या मॉडेलचे प्रमाण निराळे, तेही पुस्तकातूनच घ्यावे. नवीन इंजिनाला किंवा नवे पिस्टन-रिंग बसवल्यावर पहिल्या १० तासांना साधारणपणे २५:१, म्हणजे लिटरला ४० मिलि सांगितलेले असते. ऑटोल्यूब, म्हणजे वेगळ्या टाकीतून आपोआप तेल सोडणारी सोय, असलेल्या इंजिनात त्या १० तासांत ऑटोल्यूब चालू ठेवून शिवाय टाकीत ५०:१ मिश्रण घालतात. ऑटोल्यूबची ऑइल टाकी एकदा रिकामी झाली तर नळीतली हवा काढल्याशिवाय इंजिन चालवू नये.

हे माप झाकणाने किंवा अंदाजाने घ्यायचे नाही. पाचशे मिलिची रेघा असलेली बाटली स्वस्तात मिळते. आधी टाकीत चार-पाच लिटर पेट्रोल, मग सगळे तेल, झाकण लावून नीट हलवायचे, मग उरलेले पेट्रोल. सगळे पेट्रोल भरून वरून तेल ओतले तर ते तळाशी जाऊन बसते. मग सुरुवातीला धूर फार आणि शेवटच्या लिटरांत तेलच नाही, अशी गत होते.

‘थोडे जास्त घातले तर काय बिघडते?’ हा प्रश्न नेहमीचा. जास्त तेलाने प्लग काळा आणि ओला पडतो, एक्झॉस्ट पोर्टला काजळी धरते हे सगळ्यांना ठाऊक आहे. कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी की कार्बोरेटरच्या जेटमधून तेल जास्त गेले की तेवढे पेट्रोल कमी जाते. मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, आणि इंजिन उलट जास्त तापते. प्लग काढून पाहण्याची सवय ठेवावी. टोक फिक्या कॉफीच्या रंगाचे असेल तर सगळे ठीक. पांढरे, खडूसारखे असेल तर राख तरी आहे किंवा मिश्रण पातळ. त्यावर चमकते बारीक ठिपके दिसले तर ते पिस्टनचे ॲल्युमिनियम आहे, इंजिन पुन्हा सुरू करू नये.

एक गोष्ट तेलाच्या बाजूनेही सांगायला हवी. प्रत्येक जाम झालेल्या पिस्टनचा दोष तेलावर टाकता येत नाही. पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारे पाते) झिजलेला असला किंवा मिठाने वाट तुंबलेली असली तर जगातले सर्वोत्तम तेलही इंजिन वाचवणार नाही. इंजिनाच्या मागून पडणारी थंडाव्याच्या पाण्याची धार बारीक झाली की तेलाची चर्चा बंद करून आधी पंप उघडावा.

आता पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, आणि आऊटबोर्ड बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या १० टक्क्यांपर्यंतच मान्यता देतात. त्याचा तेलाशी थेट संबंध आहे. इथेनॉल हवेतली ओल आणि टाकीत शिरलेले पाणी शोषते. मर्यादेपलीकडे पाणी गेले की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसते. तेल वरच्या पेट्रोलात राहते आणि टाकीची ओढनळी मात्र तळाशीच असते. इंजिनाला वंगणाविना थर मिळतो. शंका आली तर टाकीच्या तळातले थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन दहा मिनिटे ठेवावे. दोन थर दिसले तर ती अख्खी टाकी बाद, वरून तेल वाढवून उपयोग नाही. होडी किनाऱ्याला असताना टाकीचा हवेचा स्क्रू बंद ठेवावा, निघताना आठवणीने उघडावा, आणि लाइनमध्ये पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवावा. इथेनॉलमुळे मिश्रण मुळातच थोडे पातळ जळते, तेव्हा या पेट्रोलावर तेलाची काटकसर करूच नये. मिसळलेले पेट्रोल महिन्याच्या आत संपवावे.

पावसाळ्यात इंजिन ठेवताना गोड्या पाण्यावर धुऊन, पेट्रोलची नळी काढून ते बंद पडेपर्यंत चालू द्यावे. नाहीतर कार्बोरेटरमधले पेट्रोल उडते आणि तेलाचा डिंक जेटमध्ये बसतो. मग प्लगच्या भोकातून प्रत्येक सिलिंडरमध्ये १०-१५ मिलि हेच तेल सोडून, इंजिन बंद करणाऱ्या किल-स्विचची लेस काढून (म्हणजे ते सुरू होणार नाही), रस्सी चार-पाच वेळा हळू ओढावी.

राहिला पैशांचा प्रश्न. ५०:१ ला एक लिटर तेल ५० लिटर पेट्रोलाला पुरते. चांगले तेल लिटरमागे दोनशे रुपयांनी महाग धरले तरी पेट्रोलाच्या लिटरमागे फरक चार रुपयांचा. खरी अडचण पैशांपेक्षा मिळण्याची आहे. लहान बंदरांवर टीसी-डब्ल्यू ३ सहसा मिळत नाही, म्हणून लोक जे मिळेल ते घालतात. मच्छीमार सहकारी संस्था डिझेलची व्यवस्था करतात, त्यांनी याच्या २० लिटरच्या बादल्या ठेवून सभासदांना मापाने, पावतीसह आणि मूळ लेबल दाखवून तेल द्यावे. जलक्रीडा चालवणाऱ्यांनीही एकत्र मागणी नोंदवली तर वितरक माल आणतील. ऑर्डर नारळी पौर्णिमेपूर्वीच गेली पाहिजे, कारण नंतर पहिल्या पंधरवड्यात प्रत्येकाला तेल आजच हवे असते.

आपले,
आऊटबोर्ड दुरुस्ती करणारे काही मेकॅनिक,
मालवण-देवगड किनारा