फिजिओ मॅडम, टॉवेलसकट आभार

मॅडम नमस्कार. तुम्ही सुटी दिलीत त्याला दीड महिना झाला आणि आभार मानायचे राहूनच गेले, समोर आलो की मला "बरंय आता" च्या पुढे काही सुचत नाही, म्हणून इथे लिहितोय, सगळ्यांनी वाचलं तरी चालेल, कंबर धरलेली माणसं काय घरोघरी आहेत.

मी लक्ष्मी रोडला साड्यांच्या दुकानात, 22 वर्षं गादीवर. म्हणजे मांडी घालून पुढे वाकायचं, साडी उलगडायची, घडी घालायची, मागे वळून पुढची काढायची, लगीनसराईत तर दिवसभर हेच. नवरात्राच्या आधी गठ्ठा उचलताना उसण भरली आणि दोन दिवसांत कळ उजव्या पायात उतरली, पार पोटरीपर्यंत. आईचा गावाहून फोन, पायाळू माणसाची लाथ घे कमरेत. घेतली पण! गल्लीतच एक पायाळू निघाला, त्याने बिचाऱ्याने मनापासून मारली, फरक शून्य. मग एका ठिकाणी (नाव नको) एमआरआय बघून सांगितलं की मणक्यांमधली गादी सरकलीय, 30 सिटिंगचं पॅकेज घ्या नाहीतर ऑपरेशन. दहा दिवस तिथे वायरी लावून पालथा पडलो, कमरेला हात काही कुणी लावला नाही.

तुम्ही एमआरआयचं पाकीट आधी बाजूलाच ठेवलंत. लघवी नीट होते का, बसायच्या जागेला बधिरपणा आहे का, असं विचारलंत तेव्हा म्हणलं कंबर दुखतेय तर हे काय भलतंच, नंतर कळलं की यातलं काही असतं तर तुम्ही मला तडक हॉस्पिटलला पाठवणार होतात. मग टाचांवर चालवलंत, चवड्यांवर चालवलंत, शर्ट काढून आरशासमोर उभं केलंत, आणि बघतो तर काय, मी छातीपासून वर अख्खा डावीकडे सरकलेलो. बायको आठवडाभर सांगत होती शर्ट वाकडा लोंबतोय, मी इस्त्रीवाल्याला शिव्या घालत होतो.

पुढचं मात्र मी विसरणार नाही. तुम्ही माझ्या डाव्या बाजूला आलात, माझा हात कोपरात दुमडून बरगडीला लावलात, त्याला खांदा टेकवलात आणि दोन्ही हात पलीकडून घालून माझी कंबर स्वतःकडे ओढायला लागलात, खांद्याने ढकल, हाताने ओढ, सोड, परत ढकल, अगदी सावकाश. पुतणीच्या वयाच्या बाईने असं कवळलेलं, मी लाजेने अर्धा, आणि तुमचं एकच चालू, "काका, पायात काय होतंय तेवढं सांगत राहा." दहा मिनिटांत पोटरीतली कळ मांडीत आली, मग कुल्ल्यात, आणि कंबर मात्र आधीपेक्षा जास्त ठणकायला लागली. मी घाबरलो, तुम्ही खूश! म्हणालात दुखणं पायातून वर कमरेकडे गोळा होतंय ही चांगली खूण, खाली उतरायला लागलं तर थांबायचं.

तेव्हाच ती न्यूझीलंडची गोष्ट सांगितलीत, 1956 ची, रॉबिन मॅकेन्झी नावाच्या फिजिओकडे एक पेशंट चुकून डोक्याकडून वर केलेल्या टेबलावर पालथा पडून राहिला, कंबर चांगली मागे वाकलेली, आणि उठला तर पायाचं दुखणं गायब. मी ती दुकानात सगळ्यांना सांगितलीय, थोडी वाढवूनच.

नंतर पालथं झोपवून तळहाताच्या टाचेने एकेक मणका लयीत दाबायचात तेव्हा मी विचारलं होतं, कटकन आवाज आला नाही, म्हणजे बसला नाही का मणका? दुसरं कुणी असतं तर "बसवला" म्हणून पैसे घेतले असते. तुम्ही सरळ सांगितलंत, मणका जागेवरच आहे, तो आवाज सांध्यातल्या हवेच्या बुडबुड्याचा, माझ्या हाताने दुखणं थोडा वेळ कमी होतं, तेवढ्या वेळात तुम्ही हालचाल करून घ्यायची. आणि फुगलेली गादी तर काही दुखत नसलेल्या विशीतल्या पोरांतही 100 मध्ये 30 जणांच्या एमआरआयला दिसते, हेही. खरं सांगतो, त्या रात्री मी पाच आठवड्यांत पहिल्यांदा नीट झोपलो, मलम तेच, उशी तीच.

घरी दर दोन तासांनी दहा वेळा, पालथं पडून हातांवर छाती उचलायची, कंबर ढिली. मी म्हणलं हे भुजंगासनच की, तर म्हणालात त्यात पाठ जोर लावते, इथे सगळा जोर हातांचा, पोट गादीवर सांडल्यासारखं सोडा. हे "सांडल्यासारखं" बरोब्बर कळलं मला.

सहा सिटिंग झाल्या आणि सातव्याला पैसे घेऊन आलो तर "आता माझी गरज नाही" म्हणून परत पाठवलंत. आता दर तासाला उठून कमरेवर हात ठेवून मागे वाकतो, गिऱ्हाइकाला वाटतं वरच्या फळीवरची पैठणी शोधतोय, एकीने तीच दाखवा म्हणून घेतली पण. परवा स्कूटरवरून खड्ड्यात आपटलो, जरा चमक आली, घाबरलो नाही, पालथा पडलो, उतरली.

आणि हो, पाठीमागे ठेवायला गुंडाळून दिलेला तुमचा निळा टॉवेल अजून माझ्याकडेच आहे, दुकानात. त्याच्या बदल्यात नवीन दोन आणून देतो, तो मात्र मागू नका.