अनंत लूप म्हणजे घोडचूक नव्हे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या करिअर पुरवणीत ‘सी’ ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्यांसाठी जी चौकट आली, तिच्यात ‘अनंत लूप ही नवशिक्यांची घोडचूक, प्रोग्रॅम कधीतरी थांबलाच पाहिजे’ असं ठोकून दिलंय. अनंत लूप म्हणजे त्याच त्या सूचना न थांबता पुन्हा पुन्हा फिरवणारी रचना. अक्कलकोट रोडवरच्या टॉवेल कारखान्यांचे कंट्रोल बोर्ड बनवणं नि दुरुस्त करणं हा माझा धंदा. त्यातल्या एकाही बोर्डाचा प्रोग्रॅम थांबत नाही, थांबूही नये. ताण्याचा धागा तुटला की सेन्सर खूण देतो आणि बोर्ड माग बंद करतो. बंद होतो तो माग. प्रोग्रॅम पुढच्या बटणाची वाट बघत फिरतच असतो. या चिपमध्ये ऑपरेटिंग सिस्टिमच नाही, मग ‘मेन’नं, म्हणजे प्रोग्रॅमच्या मुख्य फंक्शननं, संपून जायचं कुठं? पोरं ज्या आर्डुइनो नावाच्या छोट्या बोर्डावर प्रोजेक्ट करतात, त्याचं ‘लूप’ फंक्शनसुद्धा आतल्या एका फॉर(;;) मधूनच, म्हणजे अट रिकामी सोडलेल्या अनंत लूपमधूनच, पुन्हा पुन्हा बोलावलं जातं.

त्याच फॉर(;;) ला चौकटीत ‘अपूर्ण रचना’ म्हटलंय! माझ्या भाचीच्या जर्नलमध्येही सरांनी त्यावर लाल फुली मारली, व्हाईल(१) च लिही म्हणाले; त्यातला १ म्हणजे कायम खरी असलेली अट. मधली अट रिकामी सोडली तर ती कायम खरी धरायची, हे सीच्या १९८९ च्या प्रमाणातच, म्हणजे भाषेच्या अधिकृत नियमांतच, लिहिलेलं आहे. आजचे कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅमचं चिपला कळणाऱ्या कोडमध्ये रूपांतर करणारी सॉफ्टवेअर, दोन्हींचा एकसारखाच कोड काढतात. मला फॉर(;;) बरं वाटतं, कारण इशारे कडक लावले की काही कंपायलर व्हाईल(१) वर ‘अट स्थिर आहे’ म्हणून कुरकुरतात. पण ही आवड झाली, त्यावर मार्क कसले कापता?

नको असलेला अनंत लूप वेगळाच असतो आणि चौकटीत त्याचा पत्ताच नाही. आठ बिटांचा अनसाइन्ड कॅर, म्हणजे शून्यापासूनचे छोटे आकडे ठेवायचा प्रकार, २५५ च्या पुढं जात नाही, परत शून्यावर येतो. तो ‘२५६ पेक्षा लहान असेपर्यंत’ फिरवा, लूप जन्मात संपणार नाही. किंवा व्हाईलच्या कंसामागं चुकून पडलेला अर्धविराम: खालचा सगळा ब्लॉक बाहेर राहतो आणि रिकामा लूप गरगरत बसतो. त्यातही गंमत म्हणजे, अट स्थिर नसेल आणि आत इनपुट-आउटपुट किंवा व्होलाटाइल (बाहेरून कधीही बदलू शकणाऱ्या) किमतीशी देवाणघेवाण असं काहीच घडत नसेल, तर लूप संपणारच असं धरून चालायची मुभा २०११ च्या प्रमाणानं कंपायलरला दिलीय. म्हणजे तो लूप उडवूनही टाकू शकतो. म्हणून थांबवायचंच नसेल, तर फॉर(;;) असं उघड लिहावं.

ती चौकट पुढच्या पुरवणीत दुरुस्त करून छापावी. नमुन्याला चालू प्रोग्रॅम हवा असेल तर मी देतो, बोर्ड उघडूनही दाखवतो. फक्त शिफ्ट बदलताना येऊ नका, त्या वेळी कुणी बोलायला मोकळं नसतं.

आपला,
एक नियमित वाचक,
अक्कलकोट रोड, सोलापूर