नॉर्वेतल्या बर्गनच्या बंदरावर कोळंबी सोलायला शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

वोगेन बंदराच्या काठी, ब्रिगेनच्या जुन्या लाकडी घरांसमोर, तुम्ही आमची ऑर्डर घाईने लिहून घेतली नाहीत. आधी काय कसं खायचं ते नीट सांगितलंत. बर्गनला येणाऱ्या मासेखाऊ मराठी मंडळींनाही ते उपयोगी पडावं, म्हणून हे जाहीर आभार.

कोळंबी थंडच का, हा पहिला प्रश्न. ती पकडल्यावर बोटीवरच उकडतात. पुन्हा गरम केली तर चिवट होते. एका हातात डोकं, दुसऱ्या हातात धड धरून पीळ द्यायचा, पोटाच्या बाजूने अंगठा घालून कवच उलगडायचं, मग शेपूट चिमटीत दाबून मांस अलगद ओढायचं. पोटाला अंडी असली तर टाकायची नाहीत. कोळंबी लहान असते, धागा काढत बसायची गरज नाही. पांढऱ्या पावावर लोणी, कोळंबीचा जाड थर, थोडं मेयोनेज आणि शेपू. लिंबू अगदी शेवटी, नाहीतर पाव भिजतो. आपला शेपू माशाबरोबर इतका जमतो, हे बऱ्याच मराठी घरांत कुणी करून पाहिलेलं नसेल.

बर्गनच्या सूपमध्ये तिखट शोधायचं नाही. माशाचा स्टॉक, गाजर, लीक (पातीच्या कांद्यासारखी भाजी), मलई, सावर क्रीम, आणि व्हिनेगर-साखरेचा आंबटगोड तोल. सावर क्रीम घातल्यावर उकळी आली तर ते फाटतं, मासा लवकर टाकला तर त्याचा चुरा होतो. म्हणून दोन्ही शेवटी. यात दूध असतं आणि मैदाही असू शकतो, हे तुम्ही न विचारता सांगितलंत. ॲलर्जी असलेल्याला याचं मोल फार.

कॉड मासा आतून किंचित काचेसारखा दिसला म्हणून परत पाठवू नये. काट्याने पाकळ्या सुटल्या की तो शिजला. त्यापुढे पाणी सुटून कोरडा पडतो. आणि स्क्रेई, म्हणजे अंडी घालायला बॅरेंट्स समुद्रातून उत्तर नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांकडे येणारा कॉड, खायचा तर जानेवारी ते एप्रिलमध्येच यावं. गिऱ्हाइकाला असं स्पष्ट सांगायला प्रामाणिकपणा लागतो.

किंग क्रॅब वजनावर विकतात. भाव 100 ग्रॅमचा की किलोचा, हे न विचारल्यानेच बिल फुगतं. तुम्ही आधी वजन केलंत, रक्कम लिहून दाखवलीत, मगच खेकडा स्वयंपाकघरात गेला. कार्डाच्या मशीनवर टिपचा आकडा आला तरी ती ऐच्छिक असते, हेही तुम्हीच सांगितलंत. आम्ही ती मनापासून दिली.

आपले कृतज्ञ,
तुमचे मराठी पाहुणे