द्राक्ष बागायतदारालाही परदेशी प्रदर्शनात टेबल हवे

महोदय,

वाईनचे आयातदार परदेशात मेजवान्या झोडतात आणि नाशिकचा बागायतदार वाऱ्यावर पडतो, असे एका वाचकाचे पत्र आपल्या अंकात वाचले. मी पुण्यात वाईन आयातीचा व्यवसाय करते आणि जर्मनीत ड्युसेलडॉर्फला मार्चमध्ये भरणाऱ्या ‘प्रोवाईन’ या व्यापारी प्रदर्शनाला जात असते. माझे माहेर दिंडोरी तालुक्यातले, घरची द्राक्षबाग आजही आहे. त्यामुळे पत्रलेखकाचे पहिले म्हणणे मला मान्य नाही. दुसरे मात्र मनापासून पटले.

मेजवानीचे आधी सांगते. हे प्रदर्शन १९९४ पासून भरते, तीन दिवस चालते आणि तिथे फक्त धंद्यातल्या माणसांनाच प्रवेश असतो. सकाळी पांढऱ्या वाईनपासून सुरुवात करायची, घोट तोंडात घोळवायचा, शेजारच्या बादलीत थुंकायचा, दोन शब्द लिहायचे आणि पुढच्या टेबलाकडे जायचे. दुपारपर्यंत दात काळे पडतात, हिरड्या आंबतात. संध्याकाळी हॉटेलवर दरपत्रके पसरून हिशेब सुरू होतो. जर्मन वाईनवर सध्या आपल्याकडे १५० टक्के ड्युटी आहे: ५० टक्के मूळ सीमाशुल्क आणि २०२१ च्या अर्थसंकल्पापासून १०० टक्के कृषी पायाभूत सुविधा अधिभार. म्हणजे भाडे-विम्यासकट बंदरात पडलेली किंमत तिथेच अडीचपट होते. त्यावर राज्याचे उत्पादन शुल्क आणि व्हॅट वेगळे. तिथे टेबलापाशी अर्धा युरो घासाघीस करून सोडवला, तर इथल्या बाटलीच्या किमतीत तो कितीतरी पटींनी दिसतो. म्हणून जावे लागते.

ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे. त्यात पाच अमेरिकी डॉलरच्या वरच्या बाटलीची ड्युटी टप्प्याटप्प्याने उतरते आहे, त्याखालच्या बाटलीला सवलत नाही. या अटीमुळे स्वस्त परदेशी वाईन नाशिकच्या वाईनच्या अंगावर येत नाही. मी आयातदार असूनही मला ही अट योग्य वाटते, आणि पुढच्या प्रत्येक करारात ती असावी असे वाटते.

आता जे सांगण्यासाठी हे पत्र लिहिते आहे ते. यंदा जर्मनीच्या मोझेल खोऱ्यातल्या एका जोडप्याच्या टेबलापाशी मी बराच वेळ बसले. टेबल आपल्या शाळेतल्या बाकाएवढे. बर्फात रीसलिंग या पांढऱ्या वाईनच्या तीन बाटल्या, थुंकायची बादली, एका पानाचे दरपत्रक आणि बागेतल्या काळ्या पाटीच्या दगडाचा एक तुकडा. त्यांची बाग इतक्या उभ्या चढावर आहे की तिथे ट्रॅक्टर चालत नाही, सगळी काढणी हाताने. मला पूर्ण पॅलेट, म्हणजे साधारण सहाशे बाटल्या, परवडत नव्हते. बाईंनी मान वळवून शेजारच्या टेबलावरच्या शेतकऱ्याला हाक मारली. अर्धे पॅलेट यांचे, अर्धे त्याचे, ट्रक एकच. भारतासाठीचे मागचे लेबल (आयातदाराचा पत्ता, परवाना क्रमांक, मद्यपानाचा इशारा) कोण छापणार तेही तिथेच ठरले. दोन लहान शेतकरी शेजारी शेजारी बसले होते म्हणून हा सौदा झाला, आणि ते शेजारी बसले होते कारण जागा त्यांच्या विभागाने मिळून घेतली होती.

ऑस्ट्रियाचे उदाहरण तर आपल्याकडे मुद्दाम शिकवावे असे आहे. १९८५ मध्ये तिथल्या काही व्यापाऱ्यांनी वाईनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळल्याचे उघड झाले आणि निर्यात जवळजवळ बंद पडली. सरकारने कायदा कडक केला, आणि १९८६ मध्ये वाईनच्या प्रसारासाठी स्वतंत्र संस्था काढली. बागायतदार आणि वाईन उत्पादकांच्या वर्गणीवर आणि राज्यांच्या मदतीवर ती चालते. प्रदर्शनात तिच्या छत्राखाली चार एकरवाला आणि शंभर एकरवाला सारख्याच टेबलावर बसलेले मी पाहिले आहेत.

आपल्याकडे २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आले, वायनरी, म्हणजे वाईनचे कारखाने, उभ्या राहिल्या, शेतकऱ्यांनी शेनिन ब्लां आणि शिराझ या वाईनच्या द्राक्षांच्या बागा लावल्या. २००८ नंतर मागणी कोसळली, माल पडून राहिला आणि अनेकांनी त्या वेली उपटून पुन्हा खायची द्राक्षे लावली. आमच्या शेजारच्या बांधावरची बाग अशीच गेली. त्या माणसाची द्राक्षे चांगली होती, त्याला गिऱ्हाईक कुणी दाखवले नाही.

यात एक अडचण आहे, जी मुंबईत बसून सुचत नाही. मोझेलची काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, मार्चमध्ये तो शेतकरी मोकळा असतो. आपली वाईनची द्राक्षे जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात. ऐन क्रशिंगमध्ये, म्हणजे द्राक्षे चिरडून रस काढायच्या दिवसांत, लहान वायनरीचा मालक जर्मनीला कसा जाणार? टाक्यांपाशी रात्र काढणारा तोच असतो. मोठ्या कंपन्या विक्रीचा माणूस पाठवतात, लहानांकडे तसा माणूस नाही. एप्रिल छाटणी आटोपली की मेअखेर ते जून थोडी उसंत मिळते. २०२२ च्या जूनमध्ये अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेने दहा निर्यातदारांना लंडन वाईन फेअरला नेले होते, ती वेळ आपल्या हंगामाला नेमकी जुळणारी होती. असे दरवर्षी व्हावे. मार्चच्या प्रदर्शनासाठी मात्र मालक न जाताही चालेल असे सामायिक टेबल राज्याने घ्यावे आणि वाईनचे शिक्षण घेतलेली आपली दोन-तीन मुले-मुली तिथे बसवावीत. एका टेबलावर सहा वायनरी सहज मावतात.

जागेची नोंदणी बरेच महिने आधी करावी लागते, म्हणजे निर्णय या पावसाळ्यातच व्हायला हवा. नाशिकच्या लहान वायनरींनी एकत्र येऊन नावे दिली, तर अर्ज भरण्यापासून सॅम्पल पाठवण्यापर्यंतचे काम मी विनामोबदला करीन. आयातदारांची यादीही देईन.

— एक वाईन आयातदार, पुणे