गाणी हिट आहेत, पण वाजवणारे स्टेजवर पाहिजेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एका वाचकाचं पत्र होतं, की नागपूरच्या कॉलेजच्या पोट्ट्यांनी क्वीन या इंग्लिश रॉक बँडची गाणी घेऊन जो प्रयोग केला ते काही नाटक नव्हे, आयत्या गाण्यांवर गोष्ट चिकटवलीये आणि वरून सगळं परकं. तो प्रयोग मी पण पाहिला आणि मला हे बिलकुल पटलं नाही.

आयत्या चालींचंच म्हणाल तर आपलं संगीत नाटक तिथूनच सुरू झालं ना! अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली शाकुंतल केलं तेव्हा साकी, दिंडी, लावणी अशा लोकांच्या तोंडात आधीच बसलेल्या चाली घेतल्या, जुन्या नाटकांची पुस्तकं उघडून बघा, पदाच्या डोक्यावर चाल कोणती ते छापलेलं असतं. चाल ओळखीची असली की लोकांना बरं वाटायचं. आणि परकं म्हणाल तर क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे पारशी घरातला फारुख बुलसारा, शिकला आपल्या पाचगणीत, आणि शाळेतल्या दोस्तांसोबत पहिला बँड पण तिथेच काढला.

लंडनमध्ये २००२ साली 'वुई विल रॉक यू' हे क्वीनच्या गाण्यांचं म्युझिकल डोमिनियन थिएटरला लागलं तेव्हा तिथल्या समीक्षकांनी पण असंच झोडपलं होतं. बेन एल्टनने लिहिलेली गोष्ट साधीच आहे, पुढच्या काळात वाद्यांवर बंदी आलीये आणि काही बंडखोर पोरं कुठेतरी लपवलेली गिटार शोधतायत. पण लोकांनी ते २०१४ पर्यंत चालू ठेवलं, कारण तिथे बँड खरा होता, ड्रम, गिटार सगळं लाइव्ह.

आणि माझं म्हणणं तेवढंच आहे. आपल्या पोरांकडे बँड नव्हता, ट्रॅक होता, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेलं संगीत.

'वुई विल रॉक यू' या गाण्यात काय आहे, दोनदा पाय आपटायचा, एक टाळी. क्वीनचा गिटारवाला ब्रायन मे याने ते १९७७ मध्ये लिहिलंच होतं पब्लिकने सोबत वाजवावं म्हणून. प्रयोगात ते सुरू झालं आणि हॉल उठला, मागच्या रांगेतले काका-काकू पण धप् धप् करायला लागले, आणि आनंदात माणसाची लय वाढते तशी वाढली. ट्रॅक मात्र आहे त्याच स्पीडवर. गाणारी पोरगी पब्लिकसोबत जावं की स्पीकरसोबत या घोळात सापडली, तिने विंगेत साउंडवाल्याकडे बघितलं, त्याने नुसते हात वर केले, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत टाळ्या थांबल्या. केवढं वाईट वाटलं म्हणून सांगू! एक ड्रमर असता तर त्याने लोकांची लय उचलली असती आणि हॉल डोक्यावर घेतला असता.

आपल्या गडचिरोलीतल्या वडशाकडच्या झाडीपट्टीच्या नाटकात बघा, ऑर्गन-तबलावाले नटाच्या तोंडाकडे बघत वाजवतात, वन्स मोअर आला की पुन्हा तेच पद, नट दमला तर त्याला सांभाळून घेतात. रॉक म्युझिकलला पण हेच लागतं, वाद्यं बदलली फक्त.

पोरांना नंतर भेटून विचारलं, काहून रे ट्रॅक? ते म्हणाले ड्रमसेटला वेगळे माइक लागतात, लावून साउंड चेक करायला तीन-चार तास जातात, आणि हॉल हातात येतो प्रयोगाच्या तासभर आधी. आदल्या सत्राचं भाडं भरायला पैसे कुठून आणायचे.

म्हणून शहरातल्या सभागृहांना विनंती, आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी हॉल रिकामाच असतो, तेवढं एक सत्र कॉलेजच्या ग्रुपला सेटअपसाठी नाममात्र भाड्यात द्या. आणि एकांकिका स्पर्धावाल्यांनी पण संगीत नाटक करणाऱ्या टीमला स्टेज लावायला वेळ वाढवून द्यावा, आणि लाइव्ह वाजवणाऱ्यांसाठी एक बक्षीस ठेवावं. हे पोट्टे पुढचा प्रयोग दिवाळीनंतर करायचं म्हणतायत, तेव्हा कोणी हॉलवाले वाचत असतील तर लवकर ठरवा.

एक वाचक,
प्रताप नगर, नागपूर