बुवांचा मृदंग आणि माजघरातील खर्ज

गुहागर

प्रिय बापू,
सप्रेम नमस्कार.

बुवांच्या मुलाने जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून मला पाठवल्या, आणि त्यांत आपल्या माजघरातील ती गणपतीची रात्र निघाली. टेपरेकॉर्डर कुठे ठेवायचा यावरून आपण दोघे भजन थांबवून भांडलो होतो, तीच. तू तो हट्टाने मृदंगाशेजारी ठेवलास. त्यामुळे मागची मंडळी दूर गेली, हे माझे म्हणणे आजही कायम आहे. पण मृदंगाचे डावे तोंड टेपवर पुरेपूर उतरले, हेही तितकेच खरे.

हे मला हेडफोनवर कळले. स्पीकरवर त्या कणीक लावलेल्या तोंडाची थाप येते, मात्र थापेमागून उमटणारा, जाजमातून मांडीला जाणवणारा नाद येत नाही. ज्या खोलीत बुवा वाजवत होते त्याच खोलीत ते अर्धे ऐकू यावेत, हे मला सहन होत नाही. तेव्हापासून सबवूफर, म्हणजे फक्त खालचे नाद वाजवणारा वेगळा स्पीकर, घ्यावा का, हा एकच विचार डोक्यात आहे.

माझी प्रकृती ठीक आहे, रक्तदाब गोळीवर आहे.

तू म्हणशील की कान खालचा स्वर आपणच भरून काढतो, आणि तानपुऱ्याच्या बाबतीत मी ते मान्य करतो, कारण वरचे स्वरांश शाबूत असले तर खर्जाची तार फारशी न वाजताही खर्ज भासतो. मृदंगाचे तसे नाही. बुवा पांढरी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीच्या सुराला, बसत आणि डावे तोंड खर्जाच्या षड्जाजवळ आणत, म्हणजे सुमारे ६५ हर्ट्झ (सेकंदाला ६५ कंपने). माझ्या छोट्या स्पीकरांतले पाच इंची वूफर, म्हणजे खालचे नाद वाजवणारे पडदे, तिथे धापा टाकतात. तेवढ्याच आवाजासाठी एक सप्तक खाली उतरायचे तर पडद्याला चौपट मागेपुढे हलावे लागते. शिवाय मी रात्री हळू आवाजात ऐकतो, आणि आवाज कमी केला की कानाला खर्ज सर्वांत आधी कमी पडतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच दाखवले आहे. नाट्यपदांच्या जुन्या तबकड्यांसाठी मात्र मी हा खर्च करणार नाही, कारण १९२५ पूर्वीचे ध्वनिमुद्रण कर्ण्याने होत असे आणि त्यांत इतका खालचा नाद मुळातच नाही.

खरी अडचण खोलीची आहे. माजघर अठरा फूट लांब आणि बारा फूट रुंद. लांबीत खोली ३२ हर्ट्झला घुमते, मग ६४ला; रुंदीत ४८ला. ते ६४ नेमके बुवांच्या खर्जाच्या शेजारी येऊन बसते. एकच मोठा सबवूफर कोपऱ्यात ठेवला तर तो एक स्वर फुगेल, बाकीचे उपाशी राहतील, आणि बुवांची बोटे कळणार नाहीत, नुसता ढोल कळेल. म्हणून माझे मत दोन लहान, बंद पेटीच्या सबवूफरकडे झुकते. लांबीच्या पाव अंतरावर एक डाव्या भिंतीला आणि पाऊण अंतरावर दुसरा उजव्या भिंतीला ठेवला, तर गणिताप्रमाणे तिन्ही घुमारे बऱ्याच अंशी दबतात. भिंती चिऱ्याच्या असल्या तरी वर माळा आणि कौले आहेत, तिथून बराच खर्ज निसटतो; तुझ्या डोंबिवलीच्या काँक्रीटच्या खोलीपेक्षा आपली खोली या बाबतीत मवाळ आहे.

पण पाऊण अंतरावर फडताळ येते, आणि त्यावर आईची पितळी भांडी आहेत. ती थरथरणार. हिने भांडी हलवायला ठाम नकार दिला आहे आणि मलाही ती हलवावीशी वाटत नाहीत. दुसरे म्हणजे माझ्या अॅम्प्लिफायरला सबवूफरची वेगळी जोडणी नाही. स्पीकरच्याच तारांवरून जोडता येईल, परंतु मग छोट्या स्पीकरांवरचा भार उतरत नाही. ८० हर्ट्झखालचे सारे त्यांच्याकडून काढून घेतले, तरच बुवांचा आवाजही मोकळा होईल असे मला वाटते. त्यासाठी मध्ये आणखी एक यंत्र घालावे लागेल, आणि ‘तारेत जितके कमी तितके बरे’ हे तुझे जुने वाक्य मला आत्ताच ऐकू येते आहे. यावर वसतिगृहात आपण पुष्कळ बोललो आहोत, तेव्हा या वेळी नुसते वाक्य नको, कारण लिही.

माझा निर्णय जवळजवळ झाला आहे, पण तुझ्या कानांवाचून मी पैसे देणार नाही. त्या रात्री मृदंगाच्या दुसऱ्या बाजूला तूच बसला होतास. चतुर्थीला येशील तेव्हा तुझा मोजणीचा मायक्रोफोन आण. आरतीला वाडीतला मृदंग माजघरात वाजेलच. तो आधी मोजू, आणि मग मागवून आणलेले सबवूफर त्याच्याशी ताडून पाहू. नाही जमले तर परत करण्याची बोली मी दुकानदाराशी करून ठेवतो.

लेकीच्या प्रवेशाचे काय झाले ते कळव. वहिनींचा गुडघा आता बरा असेल. त्यांना नमस्कार सांग आणि गाडीचे आरक्षण झाले की तारीख लिही, म्हणजे मला त्याआधी सामान मागवता येईल.

तुझा,
अण्णा