दोन्ही डिस्क ठणठणीत आहेत म्हणे

प्रिय मकरंद,

शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. इतके दिवस तोंड लपवून बसलो आणि आता लिहितोय तेही कामासाठी. माझं बरं आहे. गुडघा कुरकुरतो, डॉक्टर वजन कमी करा म्हणतात, मी हो म्हणतो.

इथे कोणाला सांगायला गेलो तर उत्तर एकच, "आता चालू आहे ना मशीन? मग झालं तर!" तू असं म्हणणार नाहीस, म्हणून हे तुझ्या गळ्यात.

आपलं स्टोरेजचं मशीन. दोन डिस्कचा रेड-१ (दोन्हींवर तीच प्रत, ती राखणारं लिनक्सचं एमडी), त्यावर जागेच्या वाटण्या करणारं एलव्हीएम, त्यावर फाइलसिस्टीम एक्स्ट-४. हो, तेच थरावर थर, ज्यावरून तू आणि शिरीष पहाटेपर्यंत भांडला होतात आणि मला झोपू दिलं नव्हतं. मशीन सुरू करणाऱ्या बूटलोडरला सोपं जावं म्हणून शिरीषने १.० जातीचा सुपरब्लॉक (रेडची स्वतःबद्दलची नोंद) ठेवला होता, म्हणजे पार्टिशनच्या शेवटी. वर्षानुवर्षं काही झालं नाही. मग एका अपडेटनंतर ते अधूनमधून मरायला लागलं. कर्नल पॅनिक, म्हणजे लिनक्सचा गाभाच हात टेकतो, स्क्रीन गोठलेली, लॉगमध्ये अक्षर नाही. असणार कुठून? ज्या फाइलसिस्टीमवर लॉग लिहायचा, तीच आधी आडवी.

"रॅम!" ऐकू आलं मला, ओरडू नकोस. तुझ्या लेखी जगातला प्रत्येक बिघाड रॅमचाच. रात्रभर तपासली, स्वच्छ. डिस्क स्वतःच्या तब्येतीचा देते तो स्मार्टचा अहवाल स्वच्छ. रेडची स्थिती दाखवणाऱ्या एमडीस्टॅटमध्ये यू-यू, म्हणजे दोन्ही डिस्क ठणठणीत. शेवटी नेटकन्सोल लावून कर्नलचं मरतानाचं बोलणं नेटवर्कवर यूडीपीवरून दुसऱ्या मशीनवर पकडलं. एक्स्ट-४ला डीएम-० वर, म्हणजे एलव्हीएमने दिलेल्या जागेवर, विसंगती दिसत होती, आणि चूक दिसताच पॅनिक कर असं माउंट करताना सांगितलेलं असल्यामुळे ते बिचारं सांगितलेलं काम करत होतं. त्या ऑप्शनला शिरीष आततायीपणा म्हणायचा. तो ऑप्शन नसता तर आम्हाला अजूनही काही कळलं नसतं, हे त्याला माझ्यातर्फे सांग.

पुढच्या एका बूटनंतर ती जागा नक्की कशावर बसली आहे ते दाखवणारं डीएमसेटअपचं टेबल काढलं. लिनिअर, ८:२. परत वाच. आठ! एमडीचा मेजर नंबर (उपकरणाची जात सांगणारा पहिला आकडा) नऊ, आठ म्हणजे थेट डिस्क. एलव्हीएम रेडला वळसा घालून सरळ पहिल्या डिस्कच्या एसडीए-२ पार्टिशनवर जाऊन बसलं होतं! सुपरब्लॉक शेवटी असल्याने एलव्हीएमचं लेबल सुट्या पार्टिशनच्या सुरुवातीलाही जसंच्या तसं दिसतं. पार्टिशन एमडीचा तुकडा आहे का हे एलव्हीएम तपासतं खरं, पण आपल्या कॉन्फिगरेशनमध्ये ती तपासणी 'स्टार्ट'वर होती, म्हणजे फक्त सुरुवातीला डोकावायचं. अपडेटमध्ये इनिट्रॅमएफएस (मशीन सुरू होताना आधी लागणारी तात्पुरती फाइलसिस्टीम) नव्याने बनला आणि तिथे शर्यत सुरू झाली. कधी एमडी आधी, कधी एलव्हीएम.

आणि खरी गंमत पुढे. ज्या बूटला एलव्हीएम जिंकायचं, त्या बूटला रेड उभाच राहायचा नाही (अर्धा रेड चालू करायचा नाही, ही तुझीच अट होती, आठवतंय?). सगळं लेखन एसडीएवर. पण रेड उभाच न राहिल्यामुळे दोन्ही सुपरब्लॉकमधले इव्हेंटचे आकडे (रेडच्या स्थितीत किती वेळा बदल झाला ते) सारखेच राहायचे. पुढच्या बूटला एमडी जिंकलं की ते आकडे बघून समजायचं, दोघी जुळ्या आहेत, आणि वाचताना कधी हिच्याकडून घ्यायचं, कधी तिच्याकडून. एकच हिशेब, अर्धी पानं या महिन्याच्या वहीतली, अर्धी मागच्या. त्यात एक्स्ट-४ने मान टाकली तर त्याचा काय दोष!

दोन्ही प्रती ताडून बघणारा चेक चालवला तर मिसमॅचचा आकडा बघवेना. रिपेअरला हात लावला नाही. रेड-१ मध्ये खरी प्रत कुठली हे त्याला कळत नाही, एक उचलून दुसरीवर थापतं. दोन्ही डिस्कच्या इमेज (जशाच्या तशा प्रती) काढून ठेवल्या, १.२ सुपरब्लॉक (हा सुरुवातीजवळ असतो) घेऊन रेड नव्याने बांधला, फिल्टरमध्ये एलव्हीएमला एमडीखेरीज सगळीकडे मज्जाव केला, इनिट्रॅमएफएस परत बनवला. तेव्हापासून एकदाही पडलेलं नाही. सगळे खूश.

मी नाही. कारण त्या मधल्या काळात बॅकअप रोज चालू होता, आणि तो त्याच खिचडीतून वाचत होता. एक्स्ट-४ चेकसम (पडताळणीचा आकडा) ठेवतं ते मेटाडेटाचं, म्हणजे फाइलींच्या नोंदींचं, फाइलच्या आतल्या मजकुराचं नाही. मोडलेली फाइल उघडत तरी नाही, पण शिळी फाइल उघडते आणि नीट दिसते. कुठली शिळी, कुठली ताजी, सांगणार कोण? रात्री पडल्या पडल्या एकेक फोल्डर आठवतो. आपलं सर्वेक्षणाचं सगळं काम त्यातच आहे. जुना बॅकअप आणि दोन्ही इमेज मिळून तीन प्रती आहेत, आणि कित्येक ठिकाणी तिन्ही वेगळं सांगतात.

तर मुद्द्याचं. तू दर महिन्याला सगळ्या फाइलींच्या शा-२५६ च्या, म्हणजे मजकुरावरून काढलेल्या ठशांच्या, याद्या करून ठेवायचास. मी तुला मुनीमजी म्हणायचो आणि तू आठवडाभर बोलायचा नाहीस. त्या याद्या आहेत का रे अजून? ज्या काही असतील त्या सगळ्या दे, जुन्यातली जुनीसुद्धा. निदान जे तेव्हा बदललं नव्हतं, त्यातली खरी प्रत तरी निवडता येईल.

नव्या घरात स्थिरावलात का? वहिनींची परीक्षा कशी झाली? चिऊ आता पोहते असं नंदू म्हणाला. सविस्तर लिही, पण आधी याद्या पाठव. आणि मुनीमजी परत म्हणणार नाही, असं मात्र लिहून देणार नाही.

तुझा,
अवी